भामरागडला निघण्याआधी

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला निघालात आणि "भामरागडला चाललोय," असं घरात सांगितलं की पुण्या-मुंबईचे नातेवाईक पहिला शब्द काढतात तो नक्षलवाद्यांचा. नागपूरचेही काढतात, फक्त आवाज जरा खाली आणून. त्यांना हसू नका. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला, ते लोक विसरलेले नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीसारखा मोठा माओवादी नेता साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, हेही त्यांना सांगा. त्यानं आत्याचं समाधान होणार नाही, पण निदान जेवण सुरळीत होईल.

मग तारखा ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टात "जंगल हिरवंगार असतं" म्हणून जाणाऱ्याला माझा हात जोडून नमस्कार. हिवाळ्यातही २ ते ८ डिसेंबर टाळलेलं बरं, तो माओवाद्यांच्या सशस्त्र दलाचा स्थापना सप्ताह. निघायच्या आठवडाभर आधी तिथल्या कुणाशी तरी फोनवर बोलून घ्या. ओळखीचा मास्तर, आरोग्यसेवक, मुक्कामाच्या ठिकाणचा माणूस, कुणीही चालेल. "सध्या कसं आहे?" एवढं विचारायचं. त्यानं "या" म्हटलं तर या, आणि "पुढच्या महिन्यात या" म्हटलं तर का ते विचारत बसू नका.

आता खरी भीती, म्हणजे डास. या जिल्ह्यातला मलेरिया साधा नसतो. फॅल्सिपेरम जातीचा भरपूर असतो आणि तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा. औषधाच्या दुकानात उभं राहून स्वतःच ठरवू नका. मच्छरदाणी सोबत घ्या, मिळेल तिथली मिळेल या भरवशावर राहू नका. पूर्ण बाह्यांचे सदरे, पायमोजे, अंगाला लावायचं मलम, आणि रात्री बाहेर पडायचं तर बूट व विजेरी. विजेरी सापांसाठी. फोनचा दिवा चालतो, पण तोवर फोनची बॅटरी उरलेली असायला हवी.

दुसरी भीती रस्त्याची. गडचिरोली शहर म्हणजे भामरागड नव्हे, तिथून पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असं करत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास जायचं असतं. आष्टी-आलापल्ली पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात, आणि मला विचाराल तर माणसानं सगळ्यात जास्त जपायचं ते त्यांच्यापासून. घाई करायची नाही, वळणावर पुढे काढायची नाही. आलापल्लीला टाकी भरा, स्टेपनीतली हवा बघा, रोख पैसे सुट्ट्या नोटांत ठेवा. पुढे नेटवर्क येतं-जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि चार फोन नंबर कागदावर लिहा. शेवटचे ६०-६५ किलोमीटर दाट जंगलातून आहेत. ते उजेडात संपले पाहिजेत. संपणार नसतील तर आलापल्लीलाच मुक्काम करा.

तपासणी नाक्यावर पोलीस थांबवतील. आधार कार्ड आणि गाडीचे कागद वरच्या खणात ठेवा, कुठे चाललात ते सरळ सांगा. पोलीस ठाण्याचे, मदत केंद्रांचे फोटो काढायचे नाहीत, ड्रोन तर घरीच राहू द्या. पोलिसांच्या गाडीला चिकटून चालवू नका. तुम्हाला ती सोबत वाटते, पण सुरुंग पेरणाऱ्याचा नेम तिच्यावरच असतो. आणि हो, १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. डिकीतली बाटली "आपलीच तर आहे" म्हणून चालणार नाही. ती आणायचीच कशाला?

माडिया आदिवासींच्या गावात शिरताना "जोहार" म्हणा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि गोटुल, म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींचं एकत्र जमायचं घर, हे पाहायला ठेवलेलं प्रदर्शन नाही. भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प बघायचा असेल तर आधी कळवून जा. १९७३ पासून तिथं चाललंय ते आधी रुग्णांसाठी आणि मुलांसाठी, पाहुण्यांचा नंबर त्यानंतर. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटेचा संगम मात्र सकाळीच गाठा. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. नदीत उतरायचा मोह झाला तर आधी तिथल्या माणसाला विचारा, पाणी किती आहे ते.

परतल्यावर बॅग उपसायच्या आत कॅलेंडरवर परतीची तारीख लिहा आणि तिथून पुढचा महिना मोजा. त्या दिवसांत ताप आला, अगदी सर्दीसारखा वाटला, तरी त्याच दिवशी रक्त तपासा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, "भामरागडला जाऊन आलोय." शहरातल्या दवाखान्यात हे वाक्य आपणहून कुणाला सुचत नाही.