अपग्रेडनंतर हेडर फाइल सापडत नाही? या चुका टाळा

लिनक्सचे पॅकेज अपग्रेड केल्यानंतर कालपर्यंत सुरळीत कंपाइल होणारा प्रोग्राम 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' या त्रुटीवर अडतो, तेव्हा अनेकजण ती हेडर फाइल (लायब्ररीतील फंक्शन व स्ट्रक्चरची माहिती कंपायलरला देणारी फाइल) दुसऱ्या संगणकावरून आणून '/यूएसआर/इन्क्लूड'मध्ये ठेवतात. ही सर्वांत घातक चूक आहे. हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची झाली, की एखाद्या स्ट्रक्चरचा (माहिती एकत्र ठेवणाऱ्या साच्याचा) आकार न जुळल्याने प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होऊन चालताना कोसळू शकतो, आणि तेव्हा खरे कारण शोधणे कितीतरी कठीण जाते.

त्याऐवजी ती फाइल कोणत्या पॅकेजची आहे, हे आधी पाहावे. उबंटू व डेबियनमध्ये 'एप्ट-फाइल सर्च', तर फेडोरामध्ये 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' ही आज्ञा ते सांगते. 'एसटीडीआयओ.एच' हे 'लिबसी6-डेव्ह'मध्ये असते, तर 'लिनक्स/' व 'एएसएम/'खालील हेडर 'लिनक्स-लिबसी-डेव्ह'मध्ये. नावातील साधर्म्यामुळे पुष्कळजण येथे 'लिनक्स-हेडर्स' बसवतात. ते कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मॉड्यूल बांधण्यासाठी असते, सामान्य प्रोग्रामसाठी नव्हे.

64-बिट यंत्रावर 32-बिट प्रोग्राम बांधताना 'एएसएम/एररनो.एच' सापडले नाही, तर 'एएसएम-जेनेरिक' या सर्वसाधारण हेडरच्या डिरेक्टरीकडे सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. 'रीड' या सिस्टिम कॉलचा (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या विनंतीचा) क्रमांक त्या सर्वसाधारण हेडरमधील यादीत 63 आहे, 32-बिट एक्स86वर मात्र 3, त्यामुळे चुकीचाच कॉल होऊ शकतो. 32-बिट बांधणीसाठीचे 'जीसीसी-मल्टिलिब' पॅकेज बसवणे हाच योग्य उपाय.

कधी पॅकेज शाबूत असते, पण हेडरच कायमचे काढून टाकलेले असते. ऑगस्ट 2020 मध्ये आलेल्या ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) 2.32 मधून कर्नलची मूल्ये वाचण्यासाठीचे 'सिस/सिसकंट्रोल.एच' आणि सन आरपीसीची (दुसऱ्या संगणकावरील फंक्शन चालवण्याच्या जुन्या पद्धतीची) हेडर वगळली गेली. उबंटू 20.04 मध्ये ग्लिबसी 2.31 आणि 22.04 मध्ये 2.35 असल्याने, थेट एका आवृत्तीवरून दुसरीवर जाणाऱ्याला हा बदल एकदम जाणवतो. अशा वेळी पॅकेज पुन्हा पुन्हा बसवून काहीच हाती लागत नाही. बदल स्रोतातच करावा लागतो. 'सिसकंट्रोल'ची ओळ अनेक जुन्या प्रकल्पांत नुसतीच उरलेली असते, ती काढली तरी भागते. खरोखर वापर असेल तर तेच मूल्य '/प्रॉक/सिस'मधून वाचता येते. आरपीसीसाठी 'लिबटीआयआरपीसी'चे विकास-पॅकेज बसवून हेडरचा मार्ग 'पीकेजी-कॉन्फिग' या मार्ग सांगणाऱ्या साधनाकडून घ्यावा, हाताने लिहू नये.

एवढे करूनही जुनीच त्रुटी दिसत राहिली, तर सीमेक किंवा कॉन्फिगर या बांधणीची तयारी करणाऱ्या साधनांनी अपग्रेडपूर्वी साठवलेले निष्कर्ष वापरले जात असण्याची शक्यता असते. बिल्डची डिरेक्टरी संपूर्ण पुसून बांधणी नव्याने करावी.