परसदारी डेक (लाकडी ओटा) करायचाय? वखारीत जायच्या आधी हा हिशोब करा

'बारा बाय दहाचा डेक आहे, लाकूड काढा' एवढंच सांगू नका, वखारवाला घनफुटात बोलतो आणि आपल्याला लागतात नग. म्हणून आधी नग मोजायचे, घनफूट शेवटी.

12 बाय 10 फूटच धरू, फळ्या 12 फुटाच्या बाजूनं. सागाची 4 इंच रुंद, सव्वा इंच जाड फळी घेतली की रंधा मारून पावणेचार इंच रुंद आणि साधारण एक इंच जाड उरते, म्हणजे पैसे 4 इंचाचे जातात पण जमीन झाकली जाते पावणेचारच, इथंच हिशोब चुकतो. दोन फळ्यांत 2 सूत (पाव इंच) फट सोडा. साताऱ्याकडं जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, फट नसली की फळ्या एकमेकींना रेटून उचलतात आणि पाणीपण खाली जात नाही. फळी अधिक फट झाली 4 इंच, 120 भागिले 4, फळ्या 30.

खालचे वासे 4 बाय 2 इंचाचे, 10 फुटी. बरेच जण 16 इंचावर वासे घेतात, पण 12 फुटी सरळ फळी मिळायला अवघड आणि महाग, मग आपण 6-6 फुटाचे दोन तुकडे जोडतो आणि तो जोड येतो 72 इंचावर, जिथं वासाच नसतो! 18 इंचावर घ्या, जोड बरोब्बर वाशावर बसतो. 144 भागिले 18 म्हणजे 8, अधिक सुरुवातीचा 1, वासे 9. त्यांच्याखाली 4 बाय 3 चे 12 फुटी 3 बीम, दोन टोकांना आणि एक मधोमध.

आता घनफूट. लांबी फुटात, रुंदी-जाडी इंचात, गुणाकार करून 144 नं भागा. फळ्या साडेबारा, वासे 5, बीम 3, एकूण साडेवीस. वर 10 टक्के गाठी, चिरा, टोकं कापायला, म्हणजे साडेबावीस घ्या. जोड जास्त असतील तर थोडं अजून वाढवा.

फळी उचलताना कडेचा पांढरट भाग बघा, वाळवी तिथंच आधी लागते, असला माल मापात धरायचाच नाही, वखारवाला कितीही म्हणू दे. आणि लाकूड वाळलेलंच घ्या, ओलं असलं तर उन्हाळ्यात आकसून 2 सुताची फट बरीच मोठी होते.

स्टेनलेसचे स्क्रू दर वाशावर फळीला 2, म्हणजे 540, जोडाला वेगळे.