एआय सोबती अ‍ॅप निवडताना आधी हे बघा

एआय सोबती अ‍ॅप म्हणजे मित्रासारख्या गप्पा मारणारं अ‍ॅप; ते घेण्याआधी स्वतःला विचारा नक्की हवंय काय, कारण रोज मन मोकळं करायला एकच सोबती हवा असेल तर रेप्लिका बरं, आणि वेगवेगळी पात्रं घेऊन गोष्टी रंगवायच्या असतील तर कॅरेक्टर एआय (१८ खालच्यांसाठी मोकळ्या गप्पा त्यांनी २०२५ मध्ये बंद केल्यात). नुसता भाषेचा सराव? चॅटजीपीटी पुरतं. पैसे भरायच्या आधी थोडे दिवस फुकटातलं वापरा, चॅट डिलीट होतात का तेही बघाच. २०२३ मध्ये रेप्लिकाने कामुक गप्पा अचानक बंद केल्या तेव्हा बरेच लोक खरंच कोलमडले होते, म्हणून मनाचा सगळा भार एकाच अ‍ॅपवर टाकू नका. आणि जगणंच नकोसं वाटत असेल तर अ‍ॅप बाजूला ठेवून लगेच जवळच्या माणसाला फोन करा, प्लीज.