मातीच्या छोट्या धरणाचा ‘धोका वर्ग’ नीट समजून घ्या

धोका वर्ग ‘उच्च’ म्हणजे धरण मोडकळीला आलंय, असं नाही. धरण फुटलंच तर खाली किती जीव आणि मालमत्ता जाईल, एवढंच तो सांगतो. भरावाची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाची, तब्येत हा वेगळा मुद्दा. त्यामुळे भरावाचं एक ढेकूळही न हलता, खालच्या ओढ्याकाठी कुणी घर बांधलं की वर्ग वर जाऊ शकतो, आणि मग सांडवाही (जादा पाणी बाहेर सोडणारी वाट) जास्त मोठा पूर पेलणारा लागतो. खालच्या बाजूला नवं काय उभं राहतंय, यावर दरवर्षी नजर हवीच.

तब्येतीसाठी पायथ्याचा पाझर बघा. थोडं स्वच्छ पाणी झिरपणं बहुतेक मातीच्या धरणांत चालतंच. ते एका नळीतून काढून १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. शेजारी तलावाची पातळी आणि तारीख लिहा. पातळी तीच असून बादली लवकर भरू लागली, किंवा काचेच्या ग्लासात घेतलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ बसला, तर आतली माती वाहून चालली असू शकते. त्याच दिवशी धरण अभियंत्याला बोलवा. पाझराचं तोंड चिकणमातीने बुजवू नका, दाब आत वाढतो. तलावही घाईने रिकामा करू नका. ओला राहिलेला पाण्याकडचा उतार घसरतो.

भरावावरची रोपं लहान असतानाच उपटा. मोठं झाड मात्र परस्पर तोडू नका, मुळं कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. आणि सांडव्यात माशांसाठी जाळी? अजिबात नको. पुरात ती पाल्याने तुंबते, मग पाणी माथ्यावरून जातं.