एम.एस्सी. केमिस्ट्रीसाठी कर्ज किती घ्यायचं? हिशोब पगारापासून सुरू करा

फी बघून कर्जाचा आकडा ठरवला की पुढे हप्त्याला ओढाताण ठरलेली. आधी पगार काढा, मग झेपणारा हप्ता, आणि सगळ्यात शेवटी कर्ज.

खर्चाची बेरीज सोपी आहे: दोन वर्षांची फी, परीक्षा, पुस्तकं, राहणं-जेवण, त्यातून महाडीबीटीची शिष्यवृत्ती वजा. कागलहून एसटीच्या पासावर ये-जा करून शिवाजी विद्यापीठात शिकण्याचा खर्च आणि पुण्यात खासगी विद्यापीठात होस्टेलवर राहून शिकण्याचा खर्च एकाच पानावर शेजारी-शेजारी मांडा. मुलाखतीत एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) क्रोमॅटोग्राम म्हणजे आलेख समोर ठेवून त्यातला पीक (उंचवटा) का फाटला ते विचारतात, कॅम्पस किती एकरांचा होता ते नाही.

गाडी अडते ती पगाराच्या आकड्यावर

माहितीपत्रकातलं 'हायेस्ट पॅकेज' विसरा, तो एकाच मुलाचा पगार असतो. तुमच्याच स्पेशलायझेशनमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या आठ-दहा जणांना गाठा, आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधला उचला. ज्यांना अजून नोकरी नाही त्यांचं शून्यही यादीत हवं. ते गाळलं की आकडा गोंडस दिसतो आणि खोटा ठरतो. ऑरगॅनिकवाल्याचा पगार फिजिकलवाल्याने धरायचा नाही.

विचारताना सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) विचारू नका, पे-स्लिप बघायला मागा. समजा सीटीसी 3,00,000, म्हणजे महिना 25,000, आणि बेसिक 12,500 आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,500 आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे 600 याच 25,000 मधले असतात, म्हणून ग्रॉस (कपातीआधीचा पगार) राहतं 22,900. त्यातून तुमचा पीएफ 1,500 आणि व्यवसाय कर 200 जातो (महिलांना ग्रॉस 25,000 पर्यंत हा कर माफ). हातात पडतात साधारण 21,200. कँटीन आणि बसचे पैसे कापत असतील तर आणखी कमी. ग्रॉस 21,000 किंवा त्याखाली असेल तर ईएसआयचे (कामगार आरोग्य विम्याचे) 0.75 टक्केही जातात. पॅकेजमध्ये वार्षिक बोनस किंवा 'व्हेरिएबल' धरलं असेल तर ते हिशोबातून काढूनच टाका, हप्ता दर महिन्याला असतो. आणि पगार कंपनीच्या पेरोलवर आहे की कंत्राटदाराच्या, हे विचारायला लाजू नका.

शिवाय नोकरी घराजवळ मिळेल असं धरू नका. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत जोर फौंड्री आणि मशीनिंगचा. तिथे केमिस्टला मेटल टेस्टिंगच्या मोजक्या जागा. साखर कारखान्याच्या लॅबचं काम बहुतांशी हंगामी. केमिकल आणि औषधाचे प्लांट आहेत लोटे परशुराम, महाड, कुरकुंभ, तारापूरकडे. म्हणजे खोलीभाडं आणि मेस त्या 21,200 मधूनच.

आता हप्ता

समजा 4 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, दोन वर्षांत दोन-दोन लाख उचलले. कोर्सची दोन वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. सरळव्याजानेही पहिल्या दोन लाखांवर तीन वर्षांचे 60,000 आणि दुसऱ्यांवर दोन वर्षांचे 40,000 चढतात. हप्ते सुरू होताना डोक्यावर 5 लाख. सात वर्षांच्या मुदतीला हप्ता सुमारे 8,300, एकूण फेड जवळजवळ 7 लाख. दहा वर्षं केली तर हप्ता 6,600 वर येतो, पण फेड 7.9 लाखांवर जाते.

हातात येणाऱ्या पैशाच्या पाव हिश्श्यापेक्षा मोठा हप्ता घेऊ नये, यात तडजोड नको. 21,200 चा पाव म्हणजे 5,300. वरच्याच अटींवर, सात वर्षांची मुदत धरून, मागे मोजत आलं की मूळ कर्ज निघतं अडीच लाखांच्या आसपास. फी त्याच्या वर जात असेल तर कॉलेज बदला. मुदत वाढवून गणित जमवणं म्हणजे नुसतं पुढे ढकलणं.

बी.एस्सी.वरच नोकरी मिळत असेल तर तोही पगार शेजारी लिहा. समजा हातात 15,000. मग एम.एस्सी.ची कमाई 21,200 नव्हे, वरचे 6,200 आहेत, आणि दोन वर्षांचे बुडालेले 3,60,000 भरून यायलाच सुमारे 58 महिने लागतात, तेही कर्ज बाजूला ठेवून. (बी.एस्सी.वाल्याचा पगारही या काळात वाढतो, हे धरलं तर आणखी.) म्हणून बी.एस्सी.नंतर हाती ऑफर असेल तर घाई करून नाकारू नये.

'टॅक्स वाचतो' म्हणून कर्ज विकणाऱ्याचं ऐकू नका. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची 80ई ची सूट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि एवढ्या पगारावर आयकर मुळात बसतच नाही. व्याज अनुदानही आधीच धरून चालू नका. योजनेत तुमचा कोर्स आणि संस्था बसते का, ते बँकेकडून लेखी घ्या.

घरून जमत असेल तर शिकतानाच व्याज भरा: पहिल्या वर्षी महिना 1,667, नंतर 3,333. मग मूळ 4 लाखच राहतात आणि सात वर्षांचा हप्ता 6,640 वर येतो. असं व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात 1 टक्का सवलत देतात, ती मंजुरीपत्रात लिहून घ्या. पैसे थेट कर्जखात्यात भरा आणि स्टेटमेंटमध्ये ते व्याजापोटी जमा झालेत का बघा. बचत खात्यात ठेवलेले पैसे तिकडे आपोआप वळत नाहीत.