डेटा ॲनालिटिक्समध्ये मास्टर्स करायचंय? मग आधी हे बघा

डेटा ॲनालिटिक्समध्ये मास्टर्स करू का असं विचारणारे बहुतेक जण लगेच पुढचं विचारतात, पायथन शिकू की आर, पॉवर बीआय की टॅब्लो. टूल कुठलंही घ्या हो, थोड्या दिवसांत हात बसतो. मास्टर्स करायचं ते समोर आलेला आकडा खरा मानायचा की नाही हे स्वतःला ठरवता यावं म्हणून, आणि पुढे नोकरीत तुमची किंमतही त्यावरच ठरते.

कोर्स निवडताना ब्रोशर बाजूला ठेवा आणि सेमिस्टरवार सिलॅबस उघडा. प्रोबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्सला नीट जागा आहे का, डेटाबेस वेगळा विषय आहे का, रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायची पद्धत) नुसतं तोंडओळख म्हणून उरकलंय की त्याची गृहीतकं तपासायलाही शिकवतात, शेवटी प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपला मोकळा वेळ आहे का, एवढं बघा. एकाच सेमिस्टरमध्ये डीप लर्निंग, बिग डेटा, ब्लॉकचेन सगळं कोंबलेलं दिसलं तर मी तरी लांब राहीन. कोर्सच्या नावावर जाऊ नका, बिझनेस ॲनालिटिक्स सहसा मॅनेजमेंटकडे झुकतो आणि डेटा सायन्स गणित-कोडिंगकडे, पण खरं काय ते सिलॅबसच सांगतो.

ग्रॅज्युएशन कॉमर्स किंवा इकॉनॉमिक्सचं असलं तरी अडत नाही, फक्त प्रवेशाच्या अटी आधी वाचा आणि क्लास सुरू व्हायच्या आधी मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, कंडिशनल प्रोबॅबिलिटी यांची उजळणी करून ठेवा, नाहीतर पहिल्याच सेमिस्टरला दमछाक होते.

आता एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. ती १९७० च्या दशकातली, म्हणून मुलं तिला जुनी समजतात आणि इथेच फसतात, कारण कंपन्यांचा रोजचा डेटा अजूनही बऱ्याच अंशी टेबलांमध्येच बसलेला असतो. एक साधं उदाहरण घ्या. ऑर्डरच्या टेबलात १०० ऑर्डर आहेत, प्रत्येक ५०० ची, म्हणजे एकूण विक्री ५०,०००. पेमेंटच्या टेबलात यातल्या २० ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत आलेत, म्हणून तिथे १२० ओळी. दोन्ही टेबलं जॉइन केली, म्हणजे ऑर्डरनुसार एकमेकांना जोडली, की त्या २० ऑर्डर दोनदा येतात आणि ऑर्डरच्या रकमेची बेरीज मारली की उत्तर ६०,०००! एरर नाही, लाल रेघ नाही, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मस्त चालली, आणि चुकीचा आकडा थेट साहेबांच्या मीटिंगमध्ये गेला. म्हणून जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्या, प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी.

स्टॅटिस्टिक्समध्येही तेच. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस ॲन्सकोम्ब यांनी १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट दाखवले, प्रत्येकात फक्त ११ बिंदू, चौघांचीही सरासरी आणि व्हेरियन्स (आकडे किती पसरलेत ते) जवळपास एकच, कोरिलेशनही (दोन गोष्टी किती एकत्र वाढतात-घटतात ते) ०.८१६ च्या आसपास, पण ग्राफ काढला की एक सरळ रेषेजवळचा, एक चक्क वक्र, आणि उरलेल्या दोघांत एकेक बिंदू सगळं ओढून नेतोय. स्वतःच्या हाताने हे चारही ग्राफ काढून बघा, मग सरासरी बघून निष्कर्ष काढायची सवय आपोआप सुटेल.

आणि हे फक्त वर्गातलं नाही बरं का. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले, कारण डेटा एक्सेलच्या जुन्या फाइल फॉरमॅटमध्ये भरला जात होता आणि त्यात एका शीटला ६५,५३६ ओळींचीच मर्यादा असते. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. म्हणून ओळी मोजा असं मी परत परत सांगतोय.

प्रोजेक्टसाठी टायटॅनिकचा किंवा आयरिसच्या फुलांचा डेटा घेऊ नका प्लीज, ते सरावाला ठीक आहेत पण सगळ्यांच्याच रेझ्युमेत असतात. सरकारी खुला डेटा घ्या, पाऊस, अपघात, वीज वापर, ज्यात तारखा तीन फॉरमॅटमध्ये आणि एकच नाव चार स्पेलिंगने असतं. किती ओळी काढल्या, का काढल्या, रिकाम्या जागांचं काय केलं हे लिहून ठेवा. इंटरव्ह्यूत मॉडेलच्या ॲक्युरसीपेक्षा यावर बोलणं जास्त रंगतं.

नोकरीचं म्हणाल तर दारं बरीच आहेत. डेटा ॲनालिस्ट आणि बीआय (बिझनेस इंटेलिजन्स) ॲनालिस्ट ही फ्रेशरला साधारण पहिली पायरी, त्यात क्वेरी, डॅशबोर्ड, रिपोर्ट. बँका-इन्शुरन्समध्ये रिस्क आणि फ्रॉडचं काम, ॲपवाल्या कंपन्यांमध्ये प्रॉडक्ट ॲनालिस्ट, जिथे ए/बी टेस्टिंग (दोन पर्याय वेगवेगळ्या लोकांना दाखवून कुठला चालतो ते तपासणं) पक्कं लागतं. कोडिंग आवडत असेल तर डेटा इंजिनिअरिंगकडे वळा. डेटा सायंटिस्ट हे पद मिळालं तरी आतलं काम प्रत्येक ठिकाणी वेगळं, म्हणून जाहिरातीत पदाच्या नावाऐवजी रोजच्या कामाची यादी वाचा.

एआय क्वेरी लिहून देतो मग आपलं काय, ही भीती मला कळते. पण तो वरचा ६०,००० चा आकडा एआयच्या क्वेरीतूनही येऊ शकतो, तो पकडायला हप्त्यांची भानगड माहीत असणारा माणूस लागतो. आधी लिहायला मात्र स्वतः शिका, कारण बऱ्याच ठिकाणी पहिला राउंड एसक्यूएलचाच असतो, आणि जॉइन, ग्रुप बाय, विंडो फंक्शन कोणाच्या मदतीशिवाय लिहून दाखवायला सांगतात. रोज दोन क्वेरी कागदावर लिहा, मग चालवून बघा, आणि चालवायच्या आधी किती ओळी येतील ते बाजूला लिहून ठेवा.