फ्लूच्या तापात मुलाला आकडी आली तर

फ्लूने फणफणलेल्या मुलाच्या घरी सगळ्यांचे डोळे थर्मामीटरवर असतात. पण तापाचा मेंदूवर परिणाम होतोय का, हे पाऱ्यावरून कळत नाही. ते मुलाच्या शुद्धीवरून कळते. १०३ ताप असूनही आईकडे बघून रडणाऱ्या मुलापेक्षा १०१ तापात ओळख न देणारे मूल जास्त काळजीचे.

६ महिने ते ५ वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात एकदा तरी आकडी येते. बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि मेंदूला इजा होत नाही. तेवढा वेळ काय करायचे आणि काय नाही, हे आधीच ठरलेले असावे.

सगळ्यात आधी घड्याळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते आणि पुढचे सगळे निर्णय या वेळेवरच अवलंबून असतात. मुलाला चटईवर कुशीवर झोपवा, तोंड किंचित जमिनीकडे, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल. कानटोपी, स्वेटर काढा, गळ्यातला धागा किंवा ताईत सैल करा. दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. दोन्ही हातपाय उडत होते की एकाच बाजूचे, डोळे कुठे फिरले होते, हे डॉक्टरांना त्यातून नेमके दिसते.

दातखीळ उघडायला चमचा किंवा बोट घालू नका. जीभ गिळली जात नाही, पण चमच्याने तुटलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाणी किंवा औषध पाजले तर ते फुप्फुसात उतरते. कांदा, चप्पल हुंगवण्याने आकडी थांबत नाही. ती आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जाते. हातपाय दाबून धरू नका.

पाच मिनिटे झाली आणि झटके चालूच आहेत, तर १०८ ला फोन करा. आधी आकडी येऊन गेलेल्या मुलांसाठी डॉक्टर नाकात मारायचा, आकडी थांबवणाऱ्या मिडॅझोलामचा फवारा देतात. मुलाच्या वजनाप्रमाणे किती फवारे, हे त्यांच्याकडून बाटलीवरच लिहून घ्या. आयत्या वेळी फाइल सापडत नाही. आकडी पहिलीच असेल तर ती थांबल्यावरही त्याच दिवशी तपासून घ्या.

खरी पारख नंतरच्या तासात होते. आकडीनंतर मूल गाढ झोपते, त्यात वावगे काही नाही. पण दर दहा मिनिटांनी त्याला हलवा. त्याने कुरकुर करावी, हात झटकावा, हळूहळू आईला ओळखावे. तासाभरात नीट शुद्धीवर आले नाही, २४ तासांत दुसरी आकडी आली, झटके एकाच बाजूला होते, मान ताठ झाली, तान्ह्या बाळाची टाळू फुगली किंवा उलट्या थांबेनात, तर थेट मुलांचा अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठा. आकडी न येताही मूल बरळू लागले, भिंतीवर काहीतरी दिसते म्हणाले, चालताना तोल जाऊ लागला, तरी हेच. फ्लूमधला मेंदूचा गंभीर आजार बहुधा तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच उसळतो. ‘उद्या सकाळी बघू’ इथे चालत नाही.

तिथे ताप कधी सुरू झाला, कोणते औषध किती मिली दिले, हे सांगा. डॉक्टरांनी पाठीतले पाणी तपासायचे म्हटले तर भीतीपोटी नकार देऊ नका. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्याने पाय लुळे पडत नाहीत. फ्लूचा दाट संशय असेल तर ओसेल्टामिव्हिर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात.

आता औषधाचे. पॅरासिटामॉल दर वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. घोळ होतो तो बाटलीत. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागते: ५ मिलीत १२० असलेल्या सिरपचे ७.५ मिली, ५ मिलीत २५० असलेल्याचे ३.६ मिली आणि १ मिलीत १०० असलेल्या थेंबांचे १.८ मिली. म्हणून लेबल वाचून सिरिंजने मोजा. घरातले चमचे सारखे नसतात. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकते, म्हणजे नकळत दुप्पट डोस जातो. या औषधाने मुलाला आराम पडतो, आकडी मात्र टळत नाही. त्यामुळे आकडी आली म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

ॲस्पिरिन (डिस्प्रिन, इकोस्प्रिन) फ्लू किंवा कांजिण्यांत मुलांना देऊ नये. त्याने रेय सिंड्रोम होऊ शकतो: ताप उतरत असतानाच उलट्या सुरू होतात, मग ग्लानी, यकृत आणि मेंदू दोन्हींवर घाला. हृदयाच्या आजारासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते परस्पर बंद करू नका, ताप येताच डॉक्टरांना कळवा.

ताप गेल्यावर एक ते चार आठवडे पायांकडे लक्ष असू द्या. जिना चढवेना, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो, मुंग्या पायांतून वर सरकतात: ही गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची सुरुवात असू शकते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात हे नाव घरोघरी पोहोचले. तिथे कारण पोटाचा संसर्ग होता, पण फ्लूनंतरही हा आजार क्वचित होतो. मोठ्या मुलाला एका दमात भरभर आकडे मोजायला सांगा. वीसच्या आत दम तुटत असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर श्वासाचे स्नायू थकू लागलेत. त्याच तासाला रुग्णालयात न्या.